माळ्यावरची जर्नल आणि राहिलेलं टीवाय

ताई, नमस्कार.

मी ३८ वर्षांची आहे, कराडला राहते. २००५ साली बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला. एफवाय, एसवाय दोन्ही वर्षं फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. तेव्हा वार्षिक परीक्षा असायची. टीवायची फी भरायच्या आठवड्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. आम्ही दोघी बहिणी, मी थोरली. एक वर्ष थांबू म्हटलं, त्याच वर्षात लग्न ठरलं. मी नापास झाले नव्हते, एवढं मात्र सांगते.

गेली अकरा वर्षं एका पतसंस्थेत आहे. नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा अख्ख्या शाखेला मीच शिकवलं. आजही संध्याकाळी कॅश जुळली नाही की मलाच हाक मारतात. पण शाखाधिकारी नेमायची वेळ आली तेव्हा पदवी नाही म्हणून माझं नाव मागे पडलं. ज्याला मी लॉगिन करायला शिकवलं तो आता माझा साहेब आहे.

मला आता कॉम्प्युटरमध्येच ऑनर्सची डिग्री करायची आहे. ती चार वर्षांची असते म्हणे. मिस्टर म्हणतात, कशाला एवढं, तीन महिन्यांचा एखादा कोर्स कर आणि मोकळी हो. मुलगा आठवीत आहे. सासूबाई म्हणतात, पोराची दहावी तोंडावर आली, त्यात तुझी कसली परीक्षा. नणंदेचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, मामी, आता कोड एआय लिहितं.

माझी जुनी दोन वर्षं धरतात का? अठरा वर्षांच्या पोरांत बसून मला जमेल का? प्रॅक्टिकलच्या जर्नल्स अजून माळ्यावर ठेवल्यात. मी नापास झाले नव्हते हो.

– टीवाय राहिलेली, कराड

---

नमस्कार.

नापास झाला नव्हतात हे तुम्ही दोनदा लिहिलंय. मी विचारलं नव्हतं. एकदा सांगून भागलं नाही म्हणून शेवटी पुन्हा सांगितलंत, तेव्हा मी तिथूनच सुरुवात करते.

बढती हवी आहे हे खरंच आहे. पण तेवढीच हवी असती तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची बी.कॉम. तुम्ही केव्हाच करून टाकली असती. पदवीधर हवा म्हणतात तिथे कशातला, हे सहसा कुणी विचारत नाही. आजही तो रस्ता सगळ्यांत सोपा आणि स्वस्त आहे. तुम्हाला तो नको आहे, कॉम्प्युटरचीच पदवी हवी आहे, कारण जे अर्ध्यावर सुटलं ते तेच होतं. हे कारण मला पुरेसं वाटतं. घरात मात्र बढतीचंच कारण सांगा, ते लोकांना लवकर पटतं.

आता जुनी दोन वर्षं. कागदोपत्री त्यांची किंमत फार धरू नका. तुमच्या वेळी मार्क होते, आता क्रेडिट आहेत, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजलेली एककं. क्रेडिट जमा ठेवणारी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ साली आली, आणि तिथलं क्रेडिटही जास्तीत जास्त सात वर्षं टिकतं. तरी एक काम करा. दोन्ही मार्कलिस्ट घेऊन जुन्या कॉलेजच्या ऑफिसात आणि विद्यापीठाच्या पात्रता विभागात जा, समकक्षतेचा लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच मागा. खिडकीतून 'नाही होत मॅडम' म्हणतात त्याला उत्तर म्हणत नाहीत. होकार आला तर सोन्याहून पिवळं. पण नियोजन मात्र पहिल्या वर्षापासून सुरुवात धरूनच करा.

डोक्यातल्या दोन वर्षांची गोष्ट वेगळी. तुमच्या जर्नलमध्ये काय असेल ते मी न बघता सांगते. मी सीनियर कॉलेजात चोवीस वर्षं हेच शिकवलं, अशा शेकडो जर्नल्स सर्टिफाय केल्या. पहिल्या पानावर कोनिओ डॉट एच, म्हणजे स्क्रीनच्या तयार आज्ञांची फाइल. मग व्हॉइड मेन, म्हणजे प्रोग्रामची सुरुवात, त्याखाली स्क्रीन पुसायची आज्ञा, शेवटी गेट सीएच, म्हणजे आउटपुट दिसेपर्यंत खिडकी मिटू नये. सी भाषेत प्रोग्राम लिहायच्या टर्बो सी सॉफ्टवेअरचा तो निळा पडदा आठवतो? तुम्ही शिकत होतात तेव्हाच ते सॉफ्टवेअर दहा-पंधरा वर्षांचं म्हातारं झालं होतं, आणि आम्ही ते पुढेही कितीतरी वर्षं शिकवत राहिलो, याची मला आज थोडी लाजच वाटते. तेवढा भाग विसरून जा.

पण त्याच जर्नलमध्ये लिंक्ड लिस्ट आहे, बायनरी सर्च आहे, आणि डीबीएमएसच्या, म्हणजे डेटाबेसच्या, वहीत नॉर्मलायझेशन आहे, एकच माहिती दोन ठिकाणी न ठेवायची रीत. एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञांनी माहिती तक्त्यांत मांडायचं रिलेशनल मॉडेल मांडलं १९७० साली, आणि ते आजही पहिल्या-दुसऱ्या वर्षात तसंच शिकवतात. तुम्ही तर अकरा वर्षं त्याच्यातच राहताय. खातेदाराचा पत्ता बदलला, ठेवीच्या खात्यावर नवा आला आणि कर्जाच्या खात्यावर जुनाच राहिला, मग नोटीस भलत्या गावाला गेली आणि काउंटरवर भांडण झालं, असं झालंय ना कधी? पुस्तकात त्याला अपडेट अनॉमली म्हणतात. नावे पडलं पण जमा झालंच नाही आणि मध्येच वीज गेली, तर अर्धवट नोंद पूर्ण उलटवायची, याला ट्रॅन्झॅक्शन आणि रोलबॅक म्हणतात. अठरा वर्षांच्या मुलाला हे समजावताना माझा घसा बसायचा, कारण त्यानं कधी कॅश जुळवलेली नसते. तुम्ही रोज जुळवता.

जे मुळीच माहीत नसेल तेही सांगते. तुम्ही एफवायला आलात त्याच वर्षी, २००५ च्या एप्रिलमध्ये, लिनक्स ही संगणकप्रणाली सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट नावाची गोष्ट केली. कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची ती चोपडी. आज तिच्याशिवाय कुठल्याही कंपनीत पान हलत नाही. ती तुम्हाला शिकावी लागेल. पायथन ही भाषा, लिनक्सची कमांड लाइन, वेबचं काम, हेही. हे सगळं सरावानं येतं, घाबरण्यासारखं नाही.

घाबरायचंच असेल तर गणिताला घाबरा. परत शिकायला येणारी माणसं प्रोग्रामिंगला भितात आणि आपटतात गणितावर. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स म्हणजे संच, संबंध, तर्क, मोजणीचे नियम, आलेख. डेटा सायन्सकडे गेलात तर संख्याशास्त्र आणि मॅट्रिक्सही. आमच्याकडे एसटीतले एक वाहक बहिःस्थ विद्यार्थी म्हणून आले होते, वय ४१. स्टॅक म्हणजे काय, हे मी फळ्यावर ताटांची चळत काढून सांगत होते. ते मागून म्हणाले, 'म्हणजे आमच्या डेपोतली अरुंद लेन. शेवटी आत घातलेली गाडी पहिली बाहेर काढावी लागते.' ताटं पुसून मी डेपो काढला आणि त्यानंतर कायम डेपोच काढत आले. तर हेच गृहस्थ डिस्क्रीटमध्ये दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा निघाले. तीन वर्षांची पदवी त्यांना पाच वर्षांनी मिळाली. ते प्रोग्रामर झाले नाहीत, वाहकाचे वाहकच राहिले, पण निकालाच्या दिवशी पेढे मात्र अख्ख्या डेपोला वाटले. तुमचा मुलगा आठवीत आहे ना? रात्री त्याच्याशेजारी बसून त्याच्याच पुस्तकातली गणितं सोडवा. आठवी, मग नववी, दहावी. सासूबाईंना वाटेल, पोराचा अभ्यास घेतेय, आणि ते खोटंही नसेल.

ऑनर्सबद्दल. आपल्याकडे पूर्वी 'स्पेशल' म्हणायचे, तिसऱ्या वर्षी एक विषय धरायचा. आता नव्या शैक्षणिक धोरणात १२० क्रेडिटला तीन वर्षांची पदवी आणि १६० क्रेडिटला चार वर्षांची ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळाले तर चौथं वर्ष संशोधनासह करता येतं. त्या वाटेनं गेलेल्याला पुढे थेट नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, किंवा पीएच.डी.चा रस्ता खुला होतो. ऑनर्सनंतर एम.एस्सी. एका वर्षाचं. तीन वर्षांची पदवी घेतली तर त्यापुढे एम.एस्सी. किंवा एम.सी.ए. दोन वर्षांचं. म्हणजे तीन आणि दोन पाच, चार आणि एकही पाचच. परदेशी जायचं असेल, शिकवायचं असेल, संशोधन करायचं असेल, तर चौथं वर्ष कामाचं. तुमच्या साहेबाच्या खुर्चीसाठी ते लागत नाही. तेव्हा आज फक्त तीन वर्षांचा विचार करा. तिसऱ्याचा निकाल हातात आल्यावर चौथ्याचं ठरवा, ते दार तोवर कुठे जात नाही. फक्त प्रवेश घेण्याआधी विचारून ठेवा, तुमच्याकडे चौथं वर्ष चालणार आहे का. संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४-२५ पासून आलं, म्हणजे त्यांचं पहिलं चौथं वर्ष उजाडणार २०२७-२८ ला, आणि प्रत्येक कॉलेज ते चालवेलच असं नाही.

रोज कॉलेजात जायचा विचार असेल तर हिशोब मांडते, जमाखर्च तुम्हाला माझ्यापेक्षा बरा कळतो. एका सत्राला साधारण २० क्रेडिट. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलचं एक म्हणजे दोन तास. समजा १४ थिअरीची, ६ प्रॅक्टिकलची, तर झाले आठवड्याला २६ तास, तेही दिवसाउजेडी. वर हजेरीची कटकट. पतसंस्थेची वेळ दहा ते सहा असेल तर हे गणित सुटत नाही, आणि नोकरी सोडून हे करा असं मी तुम्हाला सांगणार नाही. (बी.सी.ए.ला प्रवेश घेणाऱ्या इतर वाचकांसाठी: २०२४ पासून हा अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आलाय आणि नियमित प्रवेशासाठी राज्याची सीईटी आहे. फॉर्मच्या तारखा डिसेंबर-जानेवारीपासूनच बघत जा, जूनमध्ये जागं होऊन उपयोग नाही.)

तुमच्यासाठी खरी वाट दूरस्थ किंवा ऑनलाइन. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, बी.सी.ए. बघा. वयाची अट नाही, कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा. परीक्षा जून आणि डिसेंबरात, म्हणजे पोराच्या दहावीच्या बोर्डाशी टक्कर होत नाही. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. १२० क्रेडिट धरली तर ३,६०० तास झाले. तीन वर्षांत करायचं तर आठवड्याला २३ तास, आणि नोकरी, घर, आजारपणं, लग्नसराई धरता ते कुणालाच जमत नाही. पाच वर्षांत केलं तर आठवड्याला १४, म्हणजे रोज दोन. माझं ऐकाल तर पाच वर्षं धरा आणि घरी पण पाचच सांगा. चार सांगून पाच लागली की पहिला टोमणा घरातूनच येतो.

दुसरा पर्याय आयआयटी मद्रासचा, २०२० साली सुरू झालेला डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम. जेईई लागत नाही, वयाची अट नाही. आधी चार आठवडे ते स्वतःच शिकवतात, मग त्यावर परीक्षा घेतात. पास झालात तर प्रवेश. पुढे पायऱ्या आहेत, फाउंडेशन, डिप्लोमा, बी.एस्सी., आणि चौथी १४२ क्रेडिटची बी.एस. कुठल्याही पायरीवर प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं. ज्या बाईचं शिक्षण एकदा मधेच सुटलंय तिच्यासाठी ही सोय फार मोलाची, कारण पुन्हा सुटलंच तर हात रिकामे राहत नाहीत. पण दर आठवड्याला असाइनमेंटची मुदत असते आणि ती कुणासाठी थांबत नाही. शिकवणं इंग्रजीत, गणित-संख्याशास्त्र पहिल्या सत्रापासून, परीक्षा केंद्रावर जाऊन, आणि फी इग्नूपेक्षा खूपच जास्त. कुटुंबाच्या उत्पन्नानुसार आणि प्रवर्गानुसार सवलत आहे, ती बघा. माझा कौल इग्नूला आहे. तुमचं गणित मी समजते त्यापेक्षा बरं निघालं तर कौल फिरवायला माझी हरकत नाही.

या दोन्हींशिवाय कुणी तिसरंच काही दाखवलं, 'मॅडम, एका वर्षात डिग्री, बॅकडेटमध्ये', तर चप्पल पायात घाला आणि बाहेर पडा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्ही असले पाहिजेत, नुसतं विद्यापीठ असून चालत नाही. त्या यादीतली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीनं २०२२ साली स्पष्ट केलंय. साहेबांनी काही म्हटलंच तर ते परिपत्रक छापून टेबलावर ठेवा.

आता घर. मिस्टरांचा तीन महिन्यांचा कोर्स मला अगदीच नापसंत नाही. तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटनं पदवीचा रकाना भरत नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही, एवढंच. तर त्यांना हो म्हणा. स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांचे, बारा आठवड्यांचे कोर्स असतात, जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची तर १,००० रुपये. पायथनचा किंवा डेटा स्ट्रक्चर्सचा एक घ्या. रोज दोन तास खरोखर निघतात का, कुठून निघतात, निघाल्यावर घरात काय काय बिघडतं, हे सगळं प्रवेशाची फी भरायच्या आत कळेल. माझा अनुभव असा की पहाटेचे दोन तास रात्रीच्या तीनला भारी, पण पहाट हवी असेल तर रात्रीच्या ओट्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागेल. ते कोण करणार, हे कोर्स सुरू व्हायच्या आधी बोला. लाजू नका. एम.सी.ए. मी ३९ व्या वर्षी केलं. तेव्हा हे बोलले नाही, सगळं एकटीनं ओढलं आणि दुसऱ्या सत्रात हिमोग्लोबिन सातवर आलं. घरात कौतुक फार झालं माझं.

मुलाच्या टॅबवर हे होणार नाही. सेकंडहँड लॅपटॉप घ्या, आठ जीबी रॅम बघून, विंडोज नसलं तरी चालेल. सासूबाईंशी वाद घालू नका. नातू आणि सून एका टेबलाशी अभ्यासाला बसलेली दिसली की हा विषय आपोआप थंडावतो. नाही थंडावला तरी तुम्ही बसलेल्याच असाल.

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. एआय कोड लिहितं, आणि भरभर लिहितं. चुकतंही तितक्याच ठामपणे. ते चुकलंय हे ओळखायला जे लागतं तेच तुम्ही शिकायला निघाला आहात. व्याजाचा आकडा बघूनच 'हे चुकलंय' म्हणणारी बाई आणि सॉफ्टवेअर सांगेल ते छापणारी बाई, दोघी तुमच्या शाखेत असतील, तुम्ही पहिली आहात असं मी धरून चालते. मात्र या भाच्याला हाताशी धरा. गिट तोच शिकवेल.

एक क्षुल्लक वाटणारं काम आजच करा. दहावी-बारावीच्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. अपार (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) आणि क्रेडिट बँकेचा नंबर काढताना, प्रवेशाचा फॉर्म भरताना, इथेच गाडी अडते. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, नसेल तर राजपत्रात नावबदल करून घ्या, नाहीतर मुदतीच्या शेवटच्या दिवशी तुम्ही सेतू केंद्राच्या रांगेत उभ्या असाल. गॅप सर्टिफिकेट मागितलं तर साधं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात कारण लिहायची जागा असते. तिथे 'वडिलांचे आजारपण' लिहा, बस.

अठरा वर्षांच्या पोरांत बसायचं म्हणालात. दूरस्थला ती भेटतील फक्त प्रॅक्टिकलला. पहिल्या दिवशी काकू म्हणतील, दुसऱ्या दिवशी आउटपुट विचारतील.

आणि या रविवारी माळ्यावर चढा. एसवायची जर्नल काढा, त्यातला एक पानभराचा प्रोग्राम निवडा आणि कुठल्याही ऑनलाइन कंपायलरमध्ये जसाच्या तसा टाइप करा. चालणार नाही. कोनिओ डॉट एच सापडत नाही म्हणेल, ती ओळ काढलीत की स्क्रीन पुसायच्या आज्ञेवर अडेल, मग व्हॉइड मेनवर कुरकुरेल. कुणाला विचारू नका, भाच्यालाही नाही, एआयलाही नाही. एररचा संदेश वाचा, एकेक ओळ दुरुस्त करा. किती वेळ लागला ते मला कळवा. तासाभरात चाललं तर स्वयमच्या त्या कोर्सला जुलैच्या बॅचची वाट न बघता जानेवारीतच नाव घाला.

– तुमची ताई